झिरो माईलचा खांब नेमकं काय सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या सहलीत मुलांना नागपूरच्या विधान भवनाजवळचा झिरो माईल दाखवला. तिथे सांगण्यात आलं की हा भारताचा मध्यबिंदू, इंग्रजांनी मोजून काढलेला. हे खरं का? आणि उपग्रह नव्हते त्या काळात एवढ्या मोठ्या देशाची मोजणी करायचे तरी कशी?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो. खांब अस्सल आहे, पण तो मध्य दाखवत नाही, उंची दाखवतो. ही १९०७ सालची 'स्टँडर्ड बेंचमार्क', म्हणजे समुद्रसपाटीपासून पायरी-पायरीने मोजत आणलेल्या उंचीची कायमची खूण. खांबाच्या माथ्याची उंची १०२०.१७१ फूट, आपल्या हिशेबाने ३१०.९५ मीटर. खांबाजवळच्या चार घोड्यांचे फोटो सगळेच काढतात, पण तिथला सगळ्यात महागाचा ऐवज हा आकडा आहे. घोड्यांच्या षटकोनी चौथऱ्यावर मैलांचे आकडे कोरलेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, बैतूल १०१, छिंदवाडा ८३, सिवनी ७९. यात दिल्ली नाही, कलकत्ता नाही, मुंबई नाही. देशाचा मध्य ठरवून दगड रोवला असता तर कोरणाऱ्याला ही नावं आधी सुचली असती. ही यादी शेजारच्या गावांची आहे, रस्त्याने जाणाऱ्यासाठी.

मध्यबिंदूचा दावा कागदावर तपासता येतो. सगळ्यात सोपी रीत म्हणजे दोन टोकांचे अक्षांश घेऊन सरासरी, तसेच रेखांश. आजच्या भारताची मुख्य भूमी ८°४′ ते ३७°६′ उत्तर आणि ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व. मध्य आला २२°३५′, ८२°४६′, म्हणजे छत्तीसगडात कोरब्याच्या थोडं उत्तरेला. नागपूर साधारण २१°९′ आणि ७९°५′ वर आहे, तेव्हा हे काही जमत नाही. मग म्हणतात, अखंड भारत धरा. ठीक. पण १९०७ मध्ये ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, तो १९३७ मध्ये वेगळा झाला. बलुचिस्तानच्या पश्चिम टोकापासून ब्रह्मदेशाच्या पूर्व टोकापर्यंत धरलं तर मध्य रेखांश ८१° च्या आसपास येतो आणि बिंदू मंडला-दिंडोरीकडे पडतो, नागपूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. ब्रह्मदेश वगळला, तर मात्र गंमत होते. मध्य रेखांश ७९°९′ निघतो, नागपूरला जवळजवळ चिकटून. अक्षांश तरीही दीडशे किलोमीटर वर, छिंदवाडा आणि नरसिंहपूरच्या मधे. निकोबारचं इंदिरा पॉइंट हे दक्षिण टोक धरलं तर हाच बिंदू खाली सरकून नागपूरच्या उत्तरेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर येतो. म्हणजे अखंड भारतवाल्यांच्या म्हणण्यात पूर्व-पश्चिमेपुरतं तथ्य आहे, आणि तेही टोकं सोयीने निवडली तर. गुरुत्वमध्याच्या रीतीने काढलं, म्हणजे नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि टाचणीवर तोलायचा, तर उत्तर आणखी वेगळं येतं. आजच्या भारताचा मध्य म्हणून कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाचं नाव घेतलं जातं, तेही अशाच एका रीतीचं उत्तर. रीत सांगितल्याशिवाय 'मध्यबिंदू' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, इतकंच.

आता मोजणीकडे. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि सगळा घोटाळा ती एकत्र करण्यातून होतो. एक काम आडवं: कोणतं ठिकाण नकाशावर कुठे आहे. ते त्रिकोणांनी होतं. दुसरं काम उभं: ते समुद्रापासून किती उंच आहे. ते लेव्हलिंगने होतं. 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव पहिल्या कामाचं, झिरो माईलचा खांब दुसऱ्या कामाचा.

आडव्या कामाची सुरुवात विल्यम लँबटनने १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ केली. त्रिकोणमिती कोन दिले की बाजूंचं प्रमाण देते, पण खरी लांबी देत नाही. निदान एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते. ती बेसलाइन. लँबटनची होती साडेसात मैलांची, आणि ती मोजायला ५७ दिवस लागले. साखळी पोलादी, १०० फुटांची, अडीच-अडीच फुटांच्या ४० कड्यांची. म्हणजे सुमारे ४०० वेळा साखळी टाकायची. तलाठ्याच्या शेतमोजणीसारखी ती जमिनीवर ओढत न्यायची नाही. तिपायांवर लाकडी पन्हाळी, पन्हाळींची पातळी स्क्रूने साधायची, त्यात साखळी ठेवायची, वजन लटकवून ठरावीक ताण द्यायचा, शेजारी थर्मामीटर. वर कापडाची सावली.

थर्मामीटर कशाला, ते हिशेबाने बघा. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या लाखाव्या भागाहून थोडं जास्त वाढतं. १०० फुटांची साखळी १० अंशांनी तापली तर साडेतीन मिलिमीटर वाढते. हातात घेऊन हा फरक दिसणार नाही. पण चारशे वेळा तोच फरक त्याच दिशेने पडला तर बेसलाइन जवळपास १ मीटर ४० सेंटिमीटरने चुकते, आणि पुढचा प्रत्येक त्रिकोण ती चूक मोठी करत नेतो. म्हणून दुसरी साखळी कामाला न लावता फक्त तुलनेसाठी जपून ठेवलेली असे. कड्या झिजून साखळी लांबते, ते या जपून ठेवलेल्या साखळीवरूनच कळतं. आणखी एक सुधारणा बहुतेकांना माहीत नसते: मोजलेली लांबी समुद्रसपाटीवर उतरवावी लागते, कारण उंचावर पृथ्वीचा घेर मोठा असतो. नागपूरच्या उंचीवर १२ किलोमीटरची बेसलाइन मोजली तर नुसत्या या कारणाने ५८-५९ सेंटिमीटर वजा करावे लागतील.

बेसलाइन झाली की तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणचे कोन मोजायचे, त्रिकोण सोडवायचा, त्याची बाजू पुढच्या त्रिकोणाची बेसलाइन. लँबटनची थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लंडनच्या विल्यम केरीची, वजन अर्ध्या टनाच्या आसपास, अंशांच्या खुणांची आडवी चक्री तीन फूट व्यासाची. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिराच्या शिखरावर ती दोरांनी चढवताना भिंतीवर आदळली आणि चक्री वाकली. लँबटनने ती सहा आठवडे खपून पुन्हा गोलाकारात आणली. दुसरं यंत्र विलायतेहून यायला जहाजाचे महिने गेले असते.

एवढी मोठी चक्री कशासाठी? एका सेकंदाचा कोन, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, चुकला तर किती फरक पडतो ते पाहा. नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) टेकडीपासून रामटेकची टेकडी सरळ रेषेत सुमारे ३८ किलोमीटर. तिथे एका सेकंदाने १८ सेंटिमीटरचा फरक पडतो. चक्री लहान असेल तर तिच्यावर सेकंद वाचताच येत नाही. शिवाय प्रत्येक कोन अनेकदा वाचायचा: दुर्बीण सरळ ठेवून, मग उलटी करून, मग चक्रीचा शून्य फिरवून पुन्हा. चक्रीवरच्या खुणा कोरण्यात जी असमानता राहिलेली असते ती अशाने सरासरीत विरते.

त्रिकोणाचा आकारही वाट्टेल तसा चालत नाही. कोन ३० अंशांपेक्षा लहान नको, १२० पेक्षा मोठा नको. त्याच एका सेकंदाच्या चुकीमुळे बाजूच्या लांबीत येणारी चूक ६० अंशांच्या कोनाला जेवढी, त्याच्या दहापट ती १० अंशांच्या कोनाला येते. विदर्भासारख्या सपाट मुलखात टेकड्या मनासारख्या जागी नसतात, तेव्हा हीच खरी डोकेदुखी. गंगेच्या मैदानात तर टेकडीच नाही, म्हणून लँबटननंतर हे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टला विटांचे उंच मनोरे बांधावे लागले. मोठ्या त्रिकोणात तीन कोनांची बेरीज १८० अंश येत नाही, हेही लक्षात घ्या. पृथ्वी गोल असल्याने ५० किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात ती साडेपाच सेकंदांनी जास्त यायला हवी. बरोबर १८० आली, तर काहीतरी चुकलंय असं समजायचं.

दिवसा, त्यातून उन्हाळ्यात, जमिनीलगतची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते आणि दूरची खूण दुर्बिणीत नाचते. म्हणून एव्हरेस्टने दिवसा आरशाने सूर्यकिरण फेकणारी उपकरणं आणि रात्री दिवे वापरले. रात्री हवेतलं वाकणं प्रकाशाला जास्त उंच उचलतं, त्यामुळे दिवसा टेकडीआड असलेला दिवा रात्री दिसू लागतो. एव्हरेस्टने साखळीही सोडली. तिच्या जागी पितळ आणि लोखंड जोडलेले १० फुटी दांडे आले. दोन धातू वेगवेगळे वाढतात, आणि जोडणी अशी की टोकावरच्या दोन खुणांमधलं अंतर तापमान बदललं तरी तेवढंच राहतं. १८३० च्या दशकात डेहराडून आणि सिरोंज इथल्या बेसलाइनी अशा दांड्यांनी मोजल्या. एकीवरून त्रिकोणांच्या शेकडो मैलांच्या माळेने दुसरीची लांबी काढली, तर प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी फरक काही इंचांचा आला. यंत्रांच्या दुरुस्तीचं श्रेय देताना अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचं नाव घ्यायलाच हवं. विलायती कारागिरानंतर खात्याचे यंत्रकार तेच झाले. आकडेमोडीसाठी १८३१ मध्ये राधानाथ सिकदार रुजू झाले. पुढे 'शिखर १५' ची, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टची, २९,००२ फूट ही उंची ज्या गणितातून आली त्यात त्यांचा वाटा मोठा. ती जाहीर झाली १८५६ मध्ये, आणि नाव मिळालं निवृत्त झालेल्या एव्हरेस्टचं, ज्याने ते शिखर मोजलंच नव्हतं.

नागपूरचा या आडव्या कामाशी संबंध आहे, पण झिरो माईलवरून नाही. मुख्य माळ साधारण ७८ अंश रेखांशाला धरून, म्हणजे आपल्या पश्चिमेकडून वऱ्हाडातून वर गेली. लँबटनने मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरवलं होतं. सीताबर्डीची लढाई होऊन पाच वर्षं झाली होती, गादीवर अल्पवयीन रघूजी भोसले आणि कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाती. वाटेत २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला लँबटन वारला. कबर तिथेच आहे. झिरो माईल पाहायला येणाऱ्यांनी त्या ७५-८० किलोमीटरची वाट वाकडी केली तर मोजणीचा इतिहास जास्त कळेल, असं माझं मत.

ओळंब्याचा एक किस्सा विज्ञानाच्या शिक्षकांसाठी. मुझफ्फरनगरजवळचं कलियाना आणि सिरोंजजवळचं कलियाणपूर यांच्यातलं अक्षांशाचं अंतर ताऱ्यांवरून काढलं आणि त्रिकोणांवरूनही. दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक आला. ताऱ्यांवरून मोजताना उभी दिशा ओळंब्याने ठरते, आणि हिमालयाचा ढीग ओळंब्याला आपल्याकडे ओढतो. प्रॅट या गणितीने १८५५ मध्ये हिमालयाचं वस्तुमान धरून हिशेब केला तर फरक १५.८८५ सेकंद असायला हवा होता. हिमालय जेवढा ओढायला हवा त्याच्या तिसऱ्या हिश्शानेच ओढत होता. डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असतात, ही कल्पना या फरकातून आली.

आता उभं काम, म्हणजे खांबावरचा आकडा. आधी समुद्र ठरवावा लागतो. भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून सरासरी पातळी काढायची. १९०९ च्या हिशेबात कराचीपासून फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरांची सरासरी पातळी शून्य धरली. तिथून आत येताना रीत कुठल्याही बांधकामावरची: मधे लेव्हल यंत्र, म्हणजे आडवी रेघ धरणारी दुर्बीण, मागे आकडे कोरलेली एक उभी पट्टी, पुढे एक पट्टी. मागच्या वाचनातून पुढचं वजा केलं की दोन जागांच्या उंचीतला फरक. मग यंत्र उचलून पुढे, पुढची पट्टी मागची होते. मुंबई-नागपूर साधारण ८०० किलोमीटर धरा आणि प्रत्येक बाजूला ५० मीटरची नजर धरा, तर यंत्र ८००० वेळा मांडावं लागेल. आणि परतीचे तेवढेच.

इथे आमच्या मोजणीच्या धंद्यातली खरी गोम आहे. प्रत्येक मांडणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक कधी अधिक, कधी उणी अशी पडली, तर ८००० मांडण्यांनंतर ती सुमारे साडेचार सेंटिमीटर होते, कारण चुका एकमेकींना खातात. पण मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक दर वेळी एकाच दिशेने पडली तर शेवटी ८० सेंटिमीटर. बारीक पण इमानदार चूक मोठ्या बेशिस्त चुकीपेक्षा घातक. म्हणून सगळे नियम एकाच दिशेच्या चुका मारण्यासाठी आहेत.

मागची आणि पुढची नजर समान अंतराची ठेवायची, पावलांनी नाही, टेपने मोजून. दुर्बिणीची रेघ २० सेकंदांनी तिरपी असेल आणि मागे ६० मीटर, पुढे ४० मीटर ठेवलं, तर एका मांडणीत जवळपास २ मिलिमीटर गेले. अंतर समान असेल तर ती तिरपाई, पृथ्वीचं वळण आणि हवेचं वाकणं, बहुतांशी आपोआप कटतं. वळण काही थोडकं नाही. बर्डीवरून सोडलेली आडवी रेघ रामटेकपर्यंत जाईतो, हवेच्या वाकण्याची सूट दिल्यावरही, सुमारे ९७ मीटर वर गेलेली असते. ५० मीटरवर हेच ०.१७ मिलिमीटर असतं, आणि ते एकतर्फी असतं म्हणून वाईट.

पट्टी ओळंब्यात हवी. तीन मीटरवर वाचताना ती दोन अंश कलली तर वाचन १.८ मिलिमीटर जास्त येतं, आणि कधीच कमी येत नाही. पट्टीवर गोल बुडबुडा लावा आणि तो महिन्यातून एकदा तपासा. यंत्राला छत्री हवीच. बुडबुड्याच्या एका टोकाला ऊन लागलं की तो त्या टोकाकडे सरकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपण नीट लावला. नजर जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या खाली नेऊ नये. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर पट्टीवरचे आकडे थरथरू लागतात. मग काम थांबवून संध्याकाळी धरावं, नाहीतर रोजी फुकट.

आणि काळी माती. पट्टी लोखंडी तळपायावर ठेवतात, पण पुढचं वाचन आणि पुढच्या मांडणीतलं मागचं वाचन यांच्या मधल्या वेळात तळपाय मातीत थोडा दबतो. त्यामुळे मागचं वाचन वाढतं आणि सगळी रांग खोटी उंच होत जाते. यात गंमत अशी की उलट दिशेने येतानाही ती उंचच होते. दोन्ही फेऱ्यांमधल्या उंचीच्या फरकांची सरासरी काढली की ही चूक जाते. जाताना आणि येताना वेगळ्या माणसाने, वेगळ्या वेळी मोजायचं, ते यासाठी.

अचूक कामाला मान्य चूक किलोमीटरच्या वर्गमुळाच्या १२ पट मिलिमीटर, अतिअचूकला ४ पट. ८०० किलोमीटरवर म्हणजे अनुक्रमे ३४ आणि ११ सेंटिमीटर. तेव्हा खांबावरच्या १०२०.१७१ मधला शेवटचा एकचा आकडा समुद्रापासूनच्या उंचीबद्दल फार काही सांगत नाही. तो जवळच्या दुसऱ्या खुणेशी तुलना करताना उपयोगी. गावातल्या कामाला खरी गरज त्याचीच असते: नाल्याचा उतार, पुलाची पातळी.

मुलांना घेऊन पुन्हा जाणार असाल तर मोबाइलवर उंची वाचून बघा. काही ॲप ३११ च्या आसपास दाखवतील, काही साठेक मीटर कमी. कमी दाखवणारं ॲप बिघडलेलं नाही. उपग्रह गणिती लंबवर्तुळापासून, म्हणजे पृथ्वीचा हिशेबासाठी धरलेला चपटा गोल आकार त्यापासून, उंची देतो, खांब समुद्रसपाटीपासून, आणि आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबवर्तुळाच्या खाली आहे. जुन्या टोपोशीटवरचे (सरकारी सर्व्हे नकाशांवरचे) अक्षांश-रेखांशही मोबाइलशी शंभर मीटरहून जास्त फरकाने चुकतात, कारण ती शीट एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबवर्तुळावर काढलेली आहे, ६३,७७,२७६ मीटर त्रिज्येच्या. शेताची हद्द जुन्या शीटवरून काढून मोबाइलवर शोधणाऱ्यांची भांडणं बरेचदा इथूनच सुरू होतात.